दिसेल ते बोलायचं

ह्यांना जाऊन फार वेळ झाला नव्हता. ओटीवर शेजारपाजारची माणसं जमली होती. जाऊबाई मला कवटाळून रडत होत्या आणि अंगणात भाऊसाहेब, म्हणजे माझे थोरले दीर, कुणाला तरी बांबू आणायला पाठवत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. मघाशी घरी गेलेले डॉक्टर लोटलीकर परत आले. मागोमाग इब्राहिम मुकादम. डॉक्टरांच्या हातात त्यांची काळी बॅग होती.

भाऊसाहेबांची नजर बॅगेवर गेली.

"आता ती कशाला आणलीत, डॉक्टर?" ते म्हणाले. "आता काय उरलंय?"

डॉक्टर तसेच उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आजाराचे शेवटचे दिवस ते बहुतेक आमच्याच घरी बसून होते. त्या सकाळी ह्यांचा श्वास थांबला तेव्हा ह्यांचं मनगट त्यांच्याच हातात होतं. त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांनी मान खाली घातली.

मग मीच बोलले. माजघराच्या उंबऱ्यात उभी राहून, पदर सावरून, अंगणातल्या सगळ्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "ते मंडळीच्या नियमासाठी आलेत. त्यांना मागच्या पडवीत जागा करून द्या."

अंगणातली कुजबूज एकदम थांबली.

हा नियम काय ते कळायला मंडळीबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा रोहं लहान होतं. मुंबईहून यायचं तर रेवदंड्यापर्यंत बोटीनं आणि तिथून खाडीतून मचव्यानं. हे इंग्रजी शाळेत सृष्टिशास्त्र शिकवत. द्वारकानाथ कारखानीस नाव, पण सगळा गाव मास्तर म्हणे. मुंबईहून डॉक्टरकी पास होऊन लोटलीकर नुकतेच आले होते. त्या सबंध मुलखात विलायती विद्या शिकलेला दुसरा डॉक्टर नव्हता. आणि मुकादमांचा लाकूड-कोळशाचा व्यापार होता, स्वतःचे मचवे होते. शिक्षण बेताचं, पण कुठं काही अजब दिसलं की आणायचं आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवायचं, हा त्यांचा छंद. ह्या तिघांनी मिळून 'पदार्थशोधक मंडळी' काढली. दर रविवारी आमच्या ओटीवर बैठक. सुरुवातीला पुष्कळ लोक येत. वकील होते, ओव्हरसियर पोतनीस होते, शाळेतले दोघं-तिघं होते, एक जोशीबुवाही होते. मुकादमांनी आपल्या पैशानं मुंबईहून सूक्ष्मदर्शक आणवला होता, त्याचं सगळ्यांना मोठं अप्रूप.

एकदा मुकादमांच्या माणसांनी रानात अजगर मारला. तो गोणत्यात घालून त्यांनी आणला आणि अंगणात डॉक्टरांनी तो फाडला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. डॉक्टर कापत होते आणि वकील पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत होते, आता अमुक दिसेल, आता तमुक दिसेल. हे चिडले.

"वकीलसाहेब, पुस्तक मिटा," हे म्हणाले. "पुस्तकात काय आहे ते मागाहून पाहू. ज्याच्या हातात सुरी त्यानं दिसेल ते बोलायचं. मोठ्यानं बोलायचं, आणि दिसेल तेच बोलायचं."

ती मंडळीची रीतच होऊन बसली. बेडूक असो, माशाचा डोळा असो, कापणारा बोलत राहायचा आणि बाकीचे ऐकायचे. डॉक्टरांचा आवाज खणखणीत होता. मला तो ऐकायला आवडायचं.

पुढे ओव्हरसियर पोतनीस तापानं गेले. चांगला धडधाकट माणूस, आठवडाभरात संपला. कसला ताप, ते डॉक्टरांना सांगता येईना. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण कोण उघडू देतंय?"

हे म्हणाले, "आपण देऊ. मंडळीतला जो कुणी जाईल त्याला बाकीच्यांनी उघडून पाहायचं, आणि काय सापडलं ते बैठकीत सांगायचं. अजगर चालतो, बेडूक चालतो, मग आपणच का नाही?"

जोशीबुवा तिथल्या तिथं उठले. वकिलांनी पुढ्यातलं विड्याचं पान तसंच ठेवलं आणि जोडे शोधायला लागले. पुढच्या रविवारी तिघंच उरले होते.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "मी आधी गेले तर मलाही का?"

"तू कुठं मंडळीत आहेस?"

"मग दाराआड बसून सगळं ऐकते ती कोण?"

हे हसले. ठसका लागेपर्यंत हसले. आणि पुढच्या रविवारी ह्यांनी ओटीवर, आपल्या बैठकीशेजारी, एक पाट मांडला. "मनोरमाबाई कारखानीस," हे डॉक्टरांना म्हणाले, "आजपासून सभासद." डॉक्टर उठून उभे राहिले, नमस्कार केला. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी पाटावर बसले. जाऊबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पौषात हे आजारी पडले. आदल्या दिवशी शाळेतल्या लोकांनी शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, वर ताडी नाही पण ताक भरपूर. दुसऱ्या दिवशी हे शाळेतून लवकर आले आणि पोट धरून निजले. सगळ्यांनी पोपटीला दोष दिला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली.

"अजीर्ण आहे, मास्तर. वाल बाधले. कोठा साफ झाला की उतरेल." आणि एरंडेल दिलं.

दुखणं उतरलं नाही. बेंबीपाशी होतं ते उजव्या बाजूला खाली सरकलं. पाय लांब केला की ह्यांच्या कपाळावर घाम यायचा. डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा दाबून पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "अजून घट्ट आहे. जास्त द्यायला हवं." ह्या वेळी एरंडेलाचं माप मोठं होतं. हे तोंड वाकडं करून प्यायले आणि डॉक्टरांना म्हणाले, "ही तुमची विद्या फार बेचव आहे हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मी चूल पेटवत होते. हे आतून मोठ्यानं म्हणाले, "अगं, थांबलं! एकदम थांबलं!" मी धावत गेले. हे पाय लांब करून निजले होते, चेहरा सैल झाला होता. म्हणाले, "कुणी गाठ सोडल्यासारखं वाटलं बघ." डॉक्टर आले, त्यांना केवढा आनंद झाला. मी पेज दिली, ती ह्यांनी घेतली. जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ती सगळ्यांना वाटली. डॉक्टरांनीही खाल्ली.

संध्याकाळी पोट फळीसारखं कडक झालं. मग ताप, मग उचकी. डॉक्टर खेड्यावरच्या एका रोग्याकडे गेले होते, तेवढ्या वेळात भाऊसाहेबांनी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पोट चोळणारी एक बाई आणली. बेंबी सरकलीय, ती जागेवर आणते, असं ती म्हणाली. तेल लावून तिनं चोळलं. हे ओरडले, तसे भाऊसाहेबांनी ह्यांचे हात धरून ठेवले. डॉक्टर परत आले तोवर ती निघून गेली होती. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. मीही नाही, कारण भाऊसाहेबांनी ते प्रेमापोटी केलं होतं.

त्यानंतर हे उतरतच गेले. जायच्या आदल्या दिवशी दुपारी थोडी हुशारी आली, तेव्हा ह्यांनी भाऊसाहेबांना जवळ बोलावलं. मी पायाशी बसले होते. हे म्हणाले, "दादा, मी गेलो की डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या. अडवू नका." भाऊसाहेब ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

तर मी त्या सकाळी नियमाचं नाव काढलं. भाऊसाहेब मामलेदार कचेरीत कारकून होते, आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते. माझ्याशी तर ते समोरासमोर बोलतच नसत. जे सांगायचं ते जाऊबाईंकडून. त्या दिवशी मात्र ते सरळ माझ्यापुढे आले.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ते म्हणाले. "माझ्या भावाच्या पोटात सुरी घालायची? मेल्यावरही त्याचे हाल?"

"त्यांची इच्छा होती."

"इच्छा! असल्या पोरखेळाला इच्छा म्हणतात? लोकांना तोंड कसं दाखवू मी?" ते डॉक्टरांकडे वळले. "तुम्ही निघा. वाचवायचं तेव्हा वाचवता आलं नाही, आता काय चिरून पाहताय?"

डॉक्टर खरंच वळले. मला वाटतं, त्यांना सुटल्यासारखंही झालं असावं. आपल्या मित्राला कापायला कोणाचा हात धजतो? पण मुकादम वाटेत उभे होते, ते हलले नाहीत.

मी विचारलं, "भाऊसाहेब, काल दुपारी ह्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. ते नुसतं 'काही नाही' म्हणाले असते तरी संपलं असतं. एका बाईच्या शब्दाला त्या अंगणात कोण विचारत होतं? पण भाऊसाहेबांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"सांगितलं," ते म्हणाले. "मला सांगितलं त्यानं." आणि ओटीच्या पायरीवर मटकन बसले.

निम्मी माणसं तिथूनच घरी गेली.

मागच्या पडवीत न्हाणीचं दार काढून दोन घडवंच्यांवर ठेवलं. मुकादमांनी चादरी बांधून आडोसा केला. त्यांच्याखेरीज हाताखाली कोणी नव्हतं. मला आत येऊ द्या, मी सभासद आहे, असं मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, पाया पडतो, एवढं करू नका. ऐका हवं तर. ऐकणारही सभासदच असतो."

म्हणून मी माजघरात बंद दारापाशी बसले. थोड्या वेळानं भाऊसाहेब आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या माजघरात आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो. ओटीवरून जाऊबाईंचे हुंदके ऐकू येत होते, आणि दारापलीकडून बॅग उघडल्याचा आवाज.

डॉक्टर बोलायला लागले. आवाज सुरुवातीला फुटत होता, मग सवयीनं स्थिर झाला. रविवारी असायचा तसाच.

"यकृत. रंग नेहमीचा, सूज नाही... जठर जवळजवळ रिकामं. आतून लाली आहे, व्रण नाही... मुकादम, ते पातेलं इकडे घ्या. हं."

भाऊसाहेबांनी कानांवर हात ठेवले होते. मी ठेवले नाहीत. ह्यांच्याबद्दलच चाललं आहे असं मला वाटतच नव्हतं. कुणीतरी कुठल्या अनोळखी मुलखाचं वर्णन करतंय आणि हे शेजारी बसून ऐकताहेत, असं वाटत होतं.

"आतड्यांवर पू आहे. पुष्कळ. आतडी एकमेकांना चिकटलेली... पू खालून आलेला दिसतो, उजवीकडून. सोडवून पाहतो. मोठ्या आतड्याचं तोंड हे. त्याच्याखाली..."

आणि आवाज थांबला.

मी वाट पाहिली. वाटलं, काही अवघड कापत असतील. पण सुरीचा आवाज नव्हता, पाण्याचा नव्हता. नुसती शांतता. भाऊसाहेबांनी कानांवरचे हात काढले.

"डॉक्टर?" मुकादम म्हणाले.

उत्तर नाही.

"काय दिसलं, डॉक्टर?"

तरी उत्तर नाही. मग मुकादमांचा आवाज आला, अगदी हळू, लहान मुलाला समजावावं तसा. "डॉक्टर, बोला. मास्तर ऐकतायत. दिसेल ते बोलायचं."

बऱ्याच वेळानं डॉक्टर बोलले. तो आवाज त्यांचा वाटला नाही. "करंगळीएवढी शेपटी असते तिथं. ती काळी पडलीय. सडलीय. टोकाशी भोक आहे."

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचे हात धुतलेले होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. ते आत आले आणि उभे राहिले. त्यांना काही विचारायला मी तोंड उघडणार, तोच भाऊसाहेब उठले.

"डॉक्टर, मला तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "तुम्ही नव्हता तेव्हा मी एक बाई आणली होती. तिनं पोट चोळलं. जोरानं चोळलं. तो ओरडत होता आणि मी... मी त्याचे हात धरले होते." ते डॉक्टरांच्या अगदी जवळ गेले. "त्यानं फुटलं का ते? मी मारलं का त्याला? काय ते खरं सांगा."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना ही चोळण्याची गोष्ट ठाऊक नव्हती, ती आत्ताच कळत होती. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं मी पाहिलं. बुडत्या माणसाच्या हाताला फळी लागावी तसं. ती बाई अष्टमीची, अडाणी, तिचं नाव-गावही कोणी विचारणार नव्हतं. भाऊसाहेब तर स्वतःच गुन्हा कबूल करायला उभे होते. डॉक्टरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

त्यांनी विचारलं, "चोळलं कधी? दुखायचं थांबलं त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. त्याच संध्याकाळी."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"मग तुमच्यामुळे नाही," ते म्हणाले. "ते सकाळीच फुटलं होतं. दुखायचं एकदम थांबलं ना, तेव्हाच. तट्ट फुगलेलं फुटलं म्हणून बरं वाटलं. आपण साखर खाल्ली तेव्हा विष पोटभर पसरत होतं."

"पण फुटलं कशानं?" मी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. पळवाट मागत नव्हते. "अशा दुखण्यात रेच द्यायचा नसतो, वहिनी. आतडं ढवळलं जातं, जोर येतो, आणि सडलेली जागा फुटते. मी एकदा दिला. उतरलं नाही म्हणून दुप्पट दिला."

"नसता दिला तर?"

"सांगता येत नाही. पहिल्या दिवशीच मुंबईला नेलं असतं, तर कापून काढता आलं असतं. हल्ली करतात तिथं."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"वाचलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी पोपटीचंच धरून बसलो."

भाऊसाहेब भिंतीला टेकून रडायला लागले. ते सुटल्याचं रडणं होतं, ते मला कळत होतं आणि डॉक्टरांनाही. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि कचेरीत एखाद्या अडलेल्या माणसाला सल्ला द्यावा तसं म्हणाले, "डॉक्टर, हे इथंच राहू द्या. बाहेर बोलू नका. तो काही परत येत नाही. आणि गावाला दुसरा डॉक्टर नाही. उद्या लोक तुमच्या दारात यायचे नाहीत, तर मरतील."

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ते माझ्याकडे पाहायला लागले. मुकादमही चादरीआडून आले होते, तेही माझ्याकडेच पाहत होते. मंडळीत आता आम्ही तिघंच होतो.

मी म्हणाले, "काय सापडलं ते बैठकीत सांगायचं, असं ठरलंय."

"होय," डॉक्टर म्हणाले. "तसंच ठरलंय."

खांद्याला माणसं कमी पडली. मुकादम परधर्माचे म्हणून त्यांना खांदा देऊ दिला नाही. ते मागून नदीपर्यंत चालत गेले. डॉक्टरांना मात्र भाऊसाहेबांनी स्वतः पुढे बोलावून घेतलं.

त्या रविवारी आमची ओटी भरली. वकील आले, जोशीबुवा आले, कधी न फिरकलेले बाजारातले लोकही आले. गावात कुणकुण लागली होती. डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काय दुखत होतं, आपल्याला काय वाटलं, काय दिलं, उघडल्यावर काय दिसलं. आवाज खणखणीत होता. कुणावर ढकललं नाही, स्वतःला शिव्याही घालून घेतल्या नाहीत. चोळणाऱ्या बाईचं तर त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. शेवटी म्हणाले, "उजव्या बाजूला खाली दुखलं आणि ताप असला, तर एरंडेल देऊ नका. मी देऊ नये, वैद्यानं देऊ नये, घरच्यांनी देऊ नये. मुंबईला न्या. मास्तरांकडून आपल्याला एवढं कळलं."

उठताना वकील मोठ्यानं म्हणाले, "आधी मारायचं आणि मग फाडून बघायचं. छान आहे तुमचं शास्त्र."

तेच वाक्य गावात राहिलं. बाकीचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे बैलगाड्या उभ्या असायच्या, त्या हळूहळू बंद झाल्या. बायका आपली पोरं घेऊन पुन्हा अंगारे-धुपाऱ्यांकडे जायला लागल्या. त्या उन्हाळ्यात देवी आल्या, पुष्कळ मुलं गेली. डॉक्टर टोचायला दारोदार फिरले, पण लोक दार लावून घेत. भाऊसाहेबांचा अंदाज खरा ठरला. त्यांनी तो मला एकदाही बोलून दाखवला नाही.

डॉक्टर आमच्याकडे येत राहिले. रविवारी दुपारी यायचे, ओटीवर बसायचे. मी पाणी द्यायची, कधी चहा. मुकादम असले तर ते लाकडाच्या भावाचं काही बोलायचे. नसले तर आम्ही गप्प. डॉक्टर कपाकडे बघत बसायचे आणि मधूनच माझ्याकडे पाहायचे. ते कशासाठी येत होते ते मला कळत होतं. मी म्हणावं, 'तुमचा दोष नाही', किंवा दोष आहे पण झालं गेलं. एवढं एक वाक्य. मी ते पुष्कळदा जुळवून पाहिलं. भांडी घासताना जुळायचं, आणि ते समोर बसले की सकाळच्या त्या 'थांबलं! एकदम थांबलं!'चा आवाज कानात यायचा. मला खरं हवं होतं, ते त्यांनी मला दिलं. आपली सगळी जिंदगी मोडून दिलं. तरी त्यांना जे हवं होतं ते माझ्यापाशी नव्हतं. नसलेलं आहे म्हणून सांगायला मी काही त्या ओटीवर शिकले नव्हते.

पावसाळ्याआधी ते रोहं सोडून गेले. घाटावर कुठल्याशा लहान संस्थानात दवाखान्याची जागा मिळाली होती. सूक्ष्मदर्शक मुकादमांनी शाळेला दिला. मंडळी तिथंच संपली.

पुढे मी पुण्याला जाऊन शिक्षिकेचा कोर्स केला. भाऊसाहेब स्वतः मला पोचवायला आले होते. नंतर अलिबागला मुलींच्या शाळेत लागले आणि तिथंच राहिले. एकदा शाळा सुटल्यावर मी बिऱ्हाडी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा दारात इब्राहिम मुकादम उभे. दाढी पांढरी झालेली. लाकडाच्या कामानं घाटावर गेले होते, परतताना मुद्दाम वाट वाकडी करून आले होते.

"डॉक्टर भेटले," ते बसल्या बसल्या म्हणाले. "केस गेले सगळे. एकटेच असतात. त्यांनी तुम्हाला एक सांगायला सांगितलंय."

मी सूप खाली ठेवलं नाही.

"तिथं एक मुलगा आणला होता, कुणब्याचा. उजवीकडे खाली दुखत होतं, ताप होता. घरचे म्हणत होते, एरंडेल द्या. डॉक्टरांनी दिलं नाही. स्वतः गाडीत घालून पुण्याला घेऊन गेले, मोठ्या डॉक्टरांकडून कापवून घेतलं. जगला मुलगा. मी पाहिला. बैलांना पाणी पाजायला नेत होता ओढ्यावर."

मी खडा वेचून बाजूला टाकला. दुसरा वेचला. कुणाच्या तरी घरी एक मूल वाचलं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला एवढंच दिसत होतं की तो मुलगा ओढ्यावर चालला आहे, उन्हात, पाय लांब लांब टाकत. आणि मला रडू येत होतं की राग, ते आजही मला सांगता येणार नाही.

मुकादम म्हणाले, "मी परत जाणार आहे तिकडे. त्यांना काय सांगू, वहिनी?"

"सांगा, ऐकलं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

मुकादमांनी मान डोलावली. मग तेही सुपाशी सरकून बसले आणि माझ्याबरोबर खडे वेचायला लागले.